तुफान मरणारच

३ मे, शनिवार
आजपासून कादंबरी. साल १८६२. न्यूझीलंडच्या दक्षिणेला ओटागोत सोनं शोधायला आलेला मराठा गडी रणजित, स्कॉटिश शेतकऱ्याची मुलगी मार्गारेट आणि रणजितचा घोडा तुफान. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात येणार. संपादक विश्वनाथकाकांना बजावलं, एका अक्षरालाही हात लावायचा नाही. खरा हेतू वेगळाच. इरावती तेरा वर्षांची झाली, मराठी समजतं, पण वाचत नाही आणि उत्तरं इंग्रजीत. बापाचं लेखन छापून आलं की झक मारत वाचेल.

११ मे, रविवार
पहिलं प्रकरण झालं! बायकोला वाचून दाखवलं. मे महिना, रणरणतं ऊन, रणजित घामाने निथळतोय. विनया म्हणाली, मेमध्ये इथे थंडी, ओटागोत तर पाणी गोठतं, चौदा वर्षं राहतोयस ना या देशात? मी सांगितलं, लेखक कॅलेंडरचा गुलाम नसतो. काही बदलणार नाही.
संध्याकाळी रणजितला ताप आणला. ताप आला की घाम येतोच. याला बदल म्हणत नाहीत.

१ जून, रविवार
अनुभवाशिवाय लिहिणं म्हणजे फसवणूक, म्हणून शहराबाहेर घोडेस्वारीला. माझ्या घोड्याचं नाव बिस्किट. मी चढलो, तो गवत खात उभा राहिला. चाळीस मिनिटं. शिकवणारी बाई म्हणाली, स्वीट ॲज, म्हणजे इथल्या भाषेत झकास. तेवढ्यात इरावती दुसऱ्या घोड्यावरून टेकडी फिरून आली. संशोधन उत्तम. दुसऱ्या प्रकरणात तुफान बराच वेळ उभा असतो.

६ जुलै, रविवार
एकदम नववं प्रकरण लिहिलं, मधली नंतर. रणजितला नदीपार पोचवून तुफान प्राण सोडतो. लिहिताना मीच रडलो. जेवताना वाचून दाखवलं. इरावतीने ताट सरकवलं. यू किल्ड द हॉर्स? मी म्हटलं, इतिहास क्रूर असतो. म्हणाली, इट्स नॉट हिस्टरी, डॅड, यू मेड हिम अप.
असेना. तुफान मरणारच. मी आधी लेखक, मग बाप.

९ जुलै, बुधवार
पोरगी तीन दिवस बोललेली नाही. माउंट वेलिंग्टन भागातल्या माझ्या ऑफिसात लंचच्या वेळी तुफानला फक्त जखमी केला. याच्यापुढे एक पाऊल मागे नाही.

१० जुलै, गुरुवार
जखम किरकोळ.

३१ ऑगस्ट, रविवार
विश्वनाथकाकांचा फोन. जागा कमी आहे, मार्गारेट गाळतो म्हणाले. मी ठणकावलं, मार्गारेटशिवाय रणजितला अर्थच नाही! ते म्हणाले, बरं, मग रणजितही गाळू, घोडा छान आहे. होकार दिला, पण आवाज शेवटपर्यंत कडक ठेवला.

१८ ऑक्टोबर, शनिवार
मंडळाची दिवाळी. अंक हातात आला. ‘तुफान’, दोन पानं, बालविभाग! काकांची हजेरी घ्यायला तरातरा निघालो. वाटेत इरावती दिसली. खुर्चीवर बसून, ओळीखाली बोट धरून वाचत होती. तु. फा. न. मग अख्खी ओळ, कुणाच्या मदतीशिवाय. मी खांबाआड उभा राहिलो. पाऊण तास लागला तिला. घोडा जगल्याची खात्री झाल्यावर अंक मिटला.
लेखकाचं नाव अगदी खाली छापलं होतं. पुढे होऊन म्हटलं, तेवढं वाच की. म्हणाली, लेटर, डॅड, आय ॲम टायर्ड.
काकांकडे गेलो नाही. रांगेत उभं राहून तिच्यासाठी चकल्या आणल्या.