पांढऱ्या डोळ्याची बाई

तांबट आळी, नाशिक
ता. ९ नोव्हेंबर १९३७

प्रिय शामदादा,

तुझं कार्ड शनिवारी मिळालं. 'बोलपटाला नाशिकात आठवा आठवडा लागला, आत्याला माझ्यातर्फे पेढे दे' असं तू लिहिलंयस. पेढे आणले नाहीत. कार्ड आत्याला वाचूनही दाखवलं नाही. भाऊबीजेला तू आला नाहीस ते बरंच झालं. आला असतास तर ओवाळायचं तबक मी तुझ्या अंगावर फेकलं असतं. 'उत्तरी अजून तशीच आहे' म्हणून तू हसशील. हसू नकोस. एकटा बसून वाच, तुझ्या कंपनीतल्या मंडळींना वाचून दाखवू नकोस. ऑगस्टपासून मी माहेरीच आहे. का, ते शेवटी लिहिते. आधी लिहिलं तर तू तेवढंच वाचशील आणि बाकीचं सोडून देशील. तुझी सवय मला ठाऊक आहे.

पहिल्यांदा हे सांगते की बोलपट चांगला आहे. त्यानं माझा राग कमी होत नाही, वाढतो. याआधी भुताखेतांचे दोन-तीन खेळ मी पाहिलेत. कापसाच्या जटा, पुठ्ठ्याचे दात, आणि भूत आलं की पेटीवाला सगळ्या पट्ट्या एकदम दाबतो. बायका तोंडाला पदर लावून हसतात. तुझ्या खेळाला कोणी हसलं नाही. अर्धा खेळ होईस्तोवर तू ती बाई दाखवतच नाहीस. नुसतं आजारी पोराचं अंथरूण, उशाशी हलणारा कडुलिंबाचा डहाळा, आणि कोणीतरी नाकातल्या नाकात गुणगुणतंय. शब्द नाहीत, नुसता हुंकार. एवढं भरलेलं थेटर, पण कोणी खोकलंसुद्धा नाही. मग डहाळा थांबतो, डाव्या गालावरचा पदर सरकतो, आणि ते खड्ड्याखड्ड्यांचं तोंड आणि तो पांढरा डोळा सगळ्या पडद्याएवढा होतो. बायकांच्या बाजूला एकजण बेशुद्ध पडली. पुरुषांत कोणी मिशाळ हवालदार 'आई गं' म्हणून ओरडला तो आमच्यापर्यंत ऐकू आला. देवळालीच्या छावणीतले दोन गोरे सोजीर आले होते, त्यांना आपली भाषा कळत नव्हती, तरी त्यांतला एक उठून बाहेर गेला.

मी ओरडले नाही, कारण माझ्या शेजारी आत्या बसली होती. दोन पास तूच पाठवले होतेस. 'आत्याला काही सांगू नकोस, तिला चकित करायचंय' असं लिहिलं होतंस. बिचारी धुवट लुगडं नेसून, शामचं काम बघायला म्हणून निघाली. वाटेत भेटेल त्याला सांगत होती, 'आमच्या शामनं केलाय हो.' आणि मग पडद्यावर तिचंच गुणगुणणं सुरू झालं. तू ते सुरासकट उचललंस, दादा. मध्येच श्वास घेण्यासाठी ती जशी थांबते तसं थांबणंसुद्धा. मी तिच्याकडे बघायला मान वळवू शकले नाही. तिचा हात माझ्या हातात होता, तो हळूच काढून घेऊन तिनं पदर पुढं ओढला, एवढंच कळलं.

तू तेव्हा नऊ वर्षांचा होतास, मी सहाची. आदल्या वर्षी देवी टोचणारा आळीत आला तेव्हा तू रडलास म्हणून बाबांनी तुला माळ्यावर लपवलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात तुला देवी आल्या. आई तर केव्हाच गेलेली. बाबा मला घेऊन काकांकडे राहायला गेले, आणि तुझ्यापाशी एकटी आत्या राहिली. एकवीस दिवस. तू खाजवू नयेस म्हणून ती तुझे हात मऊ फडक्यानं बांधायची, डहाळ्यानं वारा घालायची, आणि तू झोपावंस म्हणून गुणगुणायची. तू उठलास. कपाळावर तीन व्रण राहिले, ते आता टोपीखाली झाकले जातात. मग ती पडली, आणि बाबांनी तुलाही काकांकडे नेलं. तिच्यापाशी कोणी बसलं नाही; शेजारची एक म्हातारी दाराशी पेज ठेवून जायची. तीही उठली, पण एक डोळा गेला आणि तोंड असं झालं. आम्ही परत आलो त्या दिवशी ती हौसेनं ओसरीवर उभी होती, आणि तू तिला बघून किंकाळी फोडलीस. बाबांच्या भट्टीमागे जाऊन लपलास, संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाहीस. तेव्हापासून ती तुला वाढताना डाव्या बाजूनं पदर ओढून घ्यायची. मला वाढताना नाही, फक्त तुला. सतराव्या वर्षी तू मुंबईला पळालास तोवर रोज, दोन्ही वेळा. नऊ वर्षांच्या पोराला भीती वाटली याचा मला कधीच राग आला नव्हता. पण आता तू तेहेतीस वर्षांचा आहेस.

खेळ सुटल्यावर दिव्याखाली गर्दीत आत्याचा पदर कोणाच्या तरी धक्क्यानं सरकला. एक तरुण पोरगी तिला बघून किंचाळली, आणि तिच्याबरोबरचे 'तीच ती, तीच ती' म्हणून हसायला लागले. माणसं वाट सोडून बाजूला झाली. मधून आम्ही दोघी चाललो. घरी येऊन चप्पल काढताना आत्या म्हणाली, 'शामला अजून भीती वाटते होय गं? मला वाटलं होतं, मोठा झाल्यावर गेली असेल.' बस्स. तिनं शिव्या घातल्या असत्या तर मला हे पत्र लिहावं लागलं नसतं.

पंधरा दिवसांनी यांनी मनमाडहून एक साप्ताहिक पाठवलं, त्यात तुझी मुलाखत होती, फोटोसकट. 'ही अंगावर काटा आणणारी कल्पना आपल्याला कशी सुचली?' आणि तुझं उत्तर, 'बालपणीच्या एका दुःस्वप्नातून.' दुःस्वप्न! तुझे फोड पुसणाऱ्या बाईला हे नाव दिलंस. तिचं नाव सगुणाबाई आहे. पेपरवाल्यांना ते सांगायला तुला लाज वाटली, आणि तिचं तोंड दाखवून टाळ्या घ्यायला वाटली नाही. मी ते साप्ताहिक चुलीत घातलं.

आत्या गेली तेवीस-चोवीस वर्षं सुईणपण करते हे तू विसरला असशील, म्हणून सांगते. देवीतून उठल्यावर ती ते शिकली. म्हणायची, नुकत्या जन्मलेल्या पोराला तोंड कळत नाही. गंगेच्या या काठाची निम्मी पोरं तिच्या हातची आहेत. आता तुझ्या खेळाची भिंतभर चित्रं लागली, पांढरा डोळा वाटेवरच्या माणसाकडे बघतोय अशी, आणि महिन्याभरात तिला बोलावणी यायची थांबली. कोणी तोंडावर काही म्हणत नाही. 'सूनबाई माहेरी गेली', 'दवाखान्यात नेणार आहोत.' आणि मग त्याच घरात दुसऱ्या सुईणीला जाताना आम्ही ओट्यावरून बघतो.

टांगेवाल्या धोंडीरामाचं मात्र ऐक, आणि हे कानांवर हात न ठेवता ऐक. धोंडीराम जन्मला तो आत्याच्याच हातावर. त्याच्या बायकोला सकाळी कळा लागल्या तसा तो टांगा घेऊन आला, मीही बरोबर गेले. पोरगी अठरा वर्षांची, पहिलटकरीण. आत्या उंबऱ्यात उभी राहिली मात्र, पोरीनं पाय आखडून भिंतीला पाठ लावली आणि ओरडायला लागली, 'नको, ती नको, माझं पोर नेईल.' नवराबायकोंनी मागच्याच आठवड्यात तुझा खेळ पाहिला होता. सासूनं हात जोडले. 'सगुणाबाई, तुम्ही जरा बाहेर बसता का?' आत्या बाहेर पायरीवर बसली. दुसरी बाई यायला दोन तास गेले. तेवढा वेळ आत्या बंद दारातून आत सांगत होती, 'तिला कुशीवर घ्या. आता जोर करू देऊ नका. नाळ बघा, गळ्याभोवती आहे का बघा.' आत कोणाला कळणार? मुलगा होता, दादा. निळा पडलेला. आत्याला आतून रडणं ऐकू येण्याआधी कळलं. ती उठून हौदावर हात धुवायला गेली, हात तर स्वच्छच होते. तू त्या पोराला मारलंस असं मी म्हणत नाही. तिनं हात लावला असता तर ते जगलंच असतं असंही कोण सांगेल? पण तिला हात लावू दिला नाही, तो तुझ्यामुळे. हे तुला कळलंच पाहिजे.

एका घरानं तिला सोडलं नाही, ते बांगडीवाल्या गुलजारबीचं. गेल्या आठवड्यात तिची सून जहिदा बाळंत झाली. जहिदानंही आत्याला बघून तोंड फिरवलं, तर गुलजारबीनं तिची हनुवटी धरून तोंड इकडे वळवलं. म्हणाली, 'देख, नीट देख. यही सगुणाबाई है. तुझा नवरा हिच्याच हातावर आलाय. पडद्यावरच्या त्या बाईनं किती पोरं काढली ते विचार जाऊन तुझ्या थेटरवाल्याला.' जहिदा रडत रडत बघत राहिली आणि थोड्या वेळानं तिनं स्वतःच आत्याचा हात धरला. मुलगी झाली. मी कोपऱ्यात पाणी तापवत होते, आणि तुला मनात शिव्या देत होते.

आता मी इथं का आहे ते लिहिते. मला नववा महिना लागलाय. तुला कळवलं नव्हतं, कारण याआधी दोनदा कळवलं आणि दोन्ही वेळा मागून दुसरं कार्ड टाकावं लागलं. या खेपेला मीच हट्ट धरला की बाळंतपण होईल तर आत्याच्या हातानं. सासूबाईंशी भांडून आले. परवा दुपारी जेवण होऊन मी पडले होते, डोळा लागला होता. आत्या पायाशी बसून तळव्यांना तेल चोळत होती, आणि तिच्याही नकळत गुणगुणत होती. मी अर्धवट जागी झाले. पदर सरकला होता. मला ती दिसलीच नाही, दादा, तुझी बाई दिसली, आणि मी ओरडले. नुसती ओरडले नाही, तिला लाथ मारली. तेलाची वाटी उलटली. तिनं ती उचलली, जमीन पुसली, पदर ओढून घेतला आणि दारातून माझ्याकडे पाठ करून म्हणाली, 'दुसरी चांगली सुईण आहे एक, तिला सांगून ठेवते हो.' तेव्हापासून माझं ताट ती उंबऱ्याशी ठेवते आणि बाजूला होते. मी हाका मारते, माफी मागते, रडते. ती 'काही नाही गं, होतं असं' म्हणते आणि आत येत नाही. आणि खरं सांगू? ती आत आली तर मी पुन्हा दचकणार नाही अशी मला माझीच खात्री नाही. तिनं मला वाढवलं, तिचं तोंड मी कधी वेगळं मानलं नाही, आणि तू दोन तासांत तुझी भीती माझ्यात घातलीस. हा राग मी आता कोणावर काढू? म्हणून हे पत्र. माफीचं पत्र पाठवू नकोस, मनीऑर्डर तर मुळीच नको. पत्र हातात पडेल त्या दिवशीच्या गाडीनं नीघ. इथं येऊन भर दुपारी, माझ्यासमोर, तिच्यापुढं बस, तिला म्हण पदर काढ, आणि तिच्या तोंडाकडे बघ. बघत राहा. तू बघितलेलं मला बघायचं आहे. तुला अजूनही भीती वाटत असेल तर ती घेऊन ये, पण ये. दिवस फार थोडे राहिलेत, आणि मला दुसऱ्या कोणाचे हात नकोत.

तुझीच, आणि तुझ्यावर फार फार रागावलेली,
उत्तरा