तीन गुरुवार

३ मार्च

ताईनं ऑपरेशन रद्द केलं. मी कामावर असताना, फोनवरून, मला न विचारता. येत्या सोमवारी दाखल व्हायचं होतं. मानेतली गाठ. रिपोर्ट आला तेव्हाच सर्जननं बजावलं होतं – दीड महिन्याच्या वर थांबू नका. म्हणजे पंचवीस मार्च.

का, म्हणून विचारलं.

“प्रभू येणारच आहे लवकर. उगाच कशाला कापाकापी?”

शिलाई मशीनच्या सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली. दूधवाला येणार आहे, अशा आवाजात.

हे तिचं डोकं नाही. कुणीतरी भरवलंय.

४ मार्च

आमच्या चर्चच्या मंडळीत प्रभूच्या परत येण्याबद्दल सगळेच बोलतात. दर रविवारी. पण म्हणून कुणी दूध बंद केल्याचं मला आठवत नाही. मीही लहानपणापासून वाट पाहते आहे आणि विम्याचा हप्ता वेळेवर भरते आहे. याला विश्वास म्हणायचं की दोन्ही डगरींवर हात? विचारायला लाज वाटते, म्हणून इथे लिहिते.

ते राहू दे. ताईला कुणी सांगितलं?

५ मार्च

चष्मेवाले.

दुसरं कोण असणार? सहा महिन्यांपूर्वी मंडळीत आले. कोपऱ्यावर चष्म्यांचं दुकान, बायको वारलेली, बोलणं हळू. हळू बोलणाऱ्यांचा मला संशयच येतो. महिन्याभरात पँट आखूड करायला तीनदा आमच्याकडे. एका माणसाला किती पँटी असतात?

आजही आले होते. मी चहा घेऊन आत गेले तर दोघंही गप्प. ताई टेप गुंडाळत बसली. ते म्हणाले, “येतो मग. विचार करा.”

कशाचा विचार?

७ मार्च

आज तिनं दाखल व्हायचं होतं. सकाळी उठून तिनं पडदे धुतले.

ती अंघोळीला गेली तेव्हा मी मशीनचा खण उघडला. हे वाईट आहे, मला कळतं. तरी उघडला. बॉबिनखाली घडी केलेला कागद. चष्मेवाल्यांचं अक्षर – पावतीवर पाहिलंय, सात आकड्याला आडवी रेघ देतात.

१० मार्च
१७ मार्च
२४ मार्च

शेवटच्या तारखेखाली दोन रेघा. बाकी काही नाही.

कॅलेंडर पाहिलं. तिन्ही गुरुवार. गुरुवारच का? पोळी लाटताना एकदम उजेड पडला. प्रभू स्वर्गात वर घेतला गेला तो दिवस गुरुवारचा. गेला त्याच वारी परत येणार – असला हिशेब मांडणारे मी पूर्वीही पाहिलेत. दोन तारखा चुकल्या तर तिसरी हाताशी. आणि तोवर ताईचे दिवस संपलेले.

पोळी करपली.

८ मार्च

आमच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आज सतरा नमुने. पाणी काचेच्या बश्यांत घालायचं, उबदार कपाटात ठेवायचं आणि जंतू वाढतात का ते कळेपर्यंत, अठ्ठेचाळीस तास, हात लावायचा नाही. गेल्या आठवड्यात नवीन मुलीनं एका दिवसातच बशी उघडून ‘शुद्ध’ असं लिहून टाकलं. मी तिला सगळ्यांदेखत झापलं. अर्ध्या वेळेत वाचलेली बशी म्हणजे थाप, असं म्हणाले.

आणि मी त्या माणसाला एका कागदावरून वाचलं.

पण माझ्याकडे अठ्ठेचाळीस तास कुठे आहेत? एकेक दिवस ताईच्या गळ्यातून जातोय.

९ मार्च

पाळकांना भेटले. सगळं सांगितलं.

“त्यांनी तारीख सांगितलेली तुम्ही स्वतः ऐकलीत?”

“नाही. कागद पाहिला.”

“त्यांना विचारलंत?”

“असली माणसं खरं सांगतात होय?”

पाळकांनी चष्मा काढून पुसला. तोही चष्मेवाल्यांच्याच दुकानातला.

१३ मार्च, रविवार

उपदेश त्यावरच. तारखा काढणाऱ्यांपासून सावध राहा, वाट पाहणं म्हणजे हातातलं काम नीट करणं. चांगला झाला. मला मात्र सगळा वेळ चष्मेवाल्यांची मानच दिसत होती, पुढून तिसऱ्या बाकावर.

नंतर पाळकांनी त्यांना आतल्या खोलीत बोलावलं. मी दाराजवळ गाण्याची पुस्तकं रचत राहिले. रचलेली पुन्हा रचली.

“कागदावरचं अक्षर तुमचं?”

“हो.”

“कसल्या तारखा?”

खुर्ची सरकल्याचा आवाज. मग, “ते मला सांगता येणार नाही. शब्द दिलाय.”

चष्मेवाले बाहेर आले, माझ्याकडे पाहून मान लववली आणि चहा न घेता गेले. आज बरं वाटायला हवं होतं.

१७ मार्च

दुसरा गुरुवार. प्रभू आला नाही. संध्याकाळी मी ताईकडे बघत होते – निराश दिसते का. ती काज करत होती. काहीच दिसत नव्हतं. म्हणजे तिसऱ्यावर भिस्त?

१९ मार्च

ताईनं विचारलं, “चष्मेवाले हल्ली का फिरकत नाहीत गं?”

“मला काय माहीत.”

खोटं बोलले. सरळ, डोळ्यांत बघून.

२० मार्च, रविवार

तिसऱ्या बाकावर जागा रिकामी. ताई आराधनेनंतर माझ्याबरोबर आली नाही. पाळकांकडे गेली, तिथून चष्म्याच्या दुकानात. दुपारी दोनला घरी आली. चपला काढल्या नाहीत. तो कागद टेबलावर ठेवला.

“सर्जनचे सोमवार भरलेत. आता फक्त गुरुवारी जागा आहे. जेवणाच्या सुट्टीत दुकान बंद करून तो माणूस हॉस्पिटलात रांगेत उभा राहिला, म्हणून ह्या तारखा मिळाल्या. तुझ्यापासून लपव, असं मीच सांगितलं होतं. तुला कळलं तर तू मला उचलून नेशील म्हणून.”

मी कागद पुन्हा उचलून पाहिला.

“महिनाभर समजावतोय मला. म्हणतो, बाई, प्रभू यायचा तेव्हा येईल, त्याला तुम्ही हॉस्पिटलात सापडलात तर तो काय परत जाणार आहे का?”

“मग तुला थांबायला सांगितलं कुणी?”

“तू.”

रिपोर्ट आला त्या संध्याकाळी आम्ही प्रार्थनेला बसलो होतो. मी मोठ्यानं म्हणाले म्हणे – प्रभू, हिला सुरी लागायच्या आत तू येशील, मला ठाऊक आहे.

मला आठवतही नाही. घाबरले होते, तोंडातून गेलं असेल.

“अगं, पण ते तू धरून बसलीस?”

“तू कधी खात्री केल्याशिवाय बोलतेस का? घरातलं पाणीसुद्धा उजेडात धरून पितेस. मला वाटलं, हिला काहीतरी कळलंय.”

मग चपला काढल्या आणि आत गेली.

२१ मार्च

सकाळी हॉस्पिटलला फोन केला. चोवीसची जागा अजून होती – चष्मेवाल्यांनी ताईचं नाव काढलंच नव्हतं. ताई म्हणाली, “जाते. पण तू सांगतेस म्हणून नाही.”

दुकानात गेले. दोन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोरच माफी मागितली, नाहीतर उद्यावर ढकललं असतं. येत्या रविवारी मंडळीपुढेही सांगणार आहे, असं म्हणाले.

“सांगा,” चष्मेवाले म्हणाले. ‘नको, कशाला’ असं म्हणतील असं मला वाटलं होतं. म्हणाले नाहीत. मग विचारलं, “गुरुवारी किती वाजता नेणार? मी येतो.”

२४ मार्च

पावणेआठला ताईला आत नेलं. दारापाशी म्हणाली, “आता मोठ्यानं काही मागू नकोस.” बाकावर मी आणि चष्मेवाले. मनातल्या मनात म्हटलं – प्रभू, आज नको येऊस. आधी तिला बाहेर येऊ दे.