माझा दाखला, तुझा अर्ज

दादा,

चार दिवस माझ्या अपस्माराचा डॉक्टरी दाखला माझ्याबरोबर शोधत होतास ना? तो तुझ्याच शिष्यवृत्तीच्या अर्जाला टाचलेला निघाला! गादीसुद्धा तूच उचलून दाखवलीस, तेव्हाच मला संशय आला होता. ‘फिट येणाऱ्यांसाठी झटणारे’ या गटात तू लिहिलंयस, बहिणीचं डोकं मांडीवर घेतो. कधी घेतलंस रे? मला कुशीवर वळवते ती आई. तू दाराबाहेर उभा असतोस.

या शिष्यवृत्तीला एका घरातून एकच अर्ज घेतात, हेही तुला पक्कं ठाऊक होतं. आज शेवटची तारीख आहे. दाखला काढून माझ्या अर्जाला लावला आणि द्यायला निघाले आहे. फिटची गोळी घेतली आहे.

आईला मी काही बोललेले नाही. तू सांग. सांगितलंस की नाही, ते मी परत आल्यावर तिच्या तोंडावरूनच मला कळेल.