सोप्या भाषेतला विमा

सोमवार, १ सप्टेंबर
आज इतिहास घडला. डेडरिक्सबाईंच्या विमा कार्यालयात नोकरीला लागून मला जेमतेम तीन महिने झालेत, आणि मोटार विम्याच्या सत्तावीस पानी अटी मी एका पानावर आणल्या. सोप्या भाषेत. बाईंनी न वाचताच सही केली. (विश्वास.) एक प्रत बेकरीत लावली, एक घरी आणली. संकल्प: यापुढे या गावात कुणीही कागदाला घाबरणार नाही.

बुधवार, ३ सप्टेंबर
पप्पांनी पत्रक वाचलं. एकट्याने, चष्मा लावून. पंधराव्या वर्षी शाळा सोडलेला माणूस. आजवर आलेलं प्रत्येक पाकीट न फोडता माझ्या ताटाशेजारी ठेवायचे. आज म्हणाले, "पोरी, हे मला कळतंय." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. विद्यापीठाची चार वर्षं वसूल.

मंगळवार, ९ सप्टेंबर
रविवारी पप्पा साठ वर्षांचे होणार. त्यांनी स्वतःच स्वतःला भेट ठरवली आहे: रिंगवर, म्हणजे गावाजवळच्या शर्यतीच्या रस्त्यावर, एक फेरी, आपल्या गाडीतून. बावीस वर्षं ते शर्यतीच्या त्या रस्त्याचे लोखंडी कठडे बसवतात. लोकांनी गाड्या ठोकायच्या, पप्पांनी सोमवारी नट आवळायचे. रविवारी तिकीट काढून कुणीही तिथे गाडी नेऊ शकतं, पण पप्पा कधी गेले नाहीत. त्यांच्या टोळीतले यूपकाका म्हणायचे, तिथे विमा नसतो.

आज पप्पांनी खिशातून माझं पत्रक काढून यूपकाकांना दाखवलं. चौथी ओळ: 'शर्यतीत गाडी ठोकलीत तर भरपाई नाही.' पप्पा काही शर्यत लावणार नाहीत. म्हणजे भरपाई आहे. यूपकाका म्हणाले म्हणे, "तुझी पोर शिकलेली आहे, टोनी. मी काय बोलणार."
ज्ञानाचा विजय.

गुरुवार, ११ सप्टेंबर
एका ग्राहकासाठी मूळ अटी उघडल्या. पान चौदा. शर्यतीची ओळ संपल्यावर पुढे लिहिलंय की शर्यतीच्या रस्त्यावरची कोणतीही फेरी वगळलेली आहे, वेग गाठण्याचा हेतू नसला तरीही.
ते वाक्य मी गाळलं होतं. मला ते पुनरुक्ती वाटलं होतं.
गाडी पप्पांच्या आयुष्यातली पहिली नवी गाडी आहे.
संकल्प: आज संध्याकाळीच सांगायचं.

संध्याकाळ. पप्पा गाडी धूत होते. शीळ घालत. योग्य वेळ नव्हती. उद्या.

शुक्रवार, १२ सप्टेंबर
बेकरीत पत्रक काढायला गेले. बेकरीवाल्या पाउलीबाईंनी त्यावर प्लॅस्टिक चढवलंय. रांगेत सातजण. चार पाव घेऊन परत आले.
एका दिवसापुरता रिंगचा वेगळा विमा मिळतो. अर्जावर डेडरिक्सबाईंची सही लागते. बाई विचारणार, कशाला? मग पत्रकाचं सांगावं लागेल. सोमवारी विचारते. (सोमवारी उपयोग नाही, हे कळतंय.)
दुरुस्त पत्रक लिहिलं. फार सुंदर झालंय. पर्समध्ये आहे.

शनिवार, १३ सप्टेंबर
मम्माने प्लमचा केक केला. कॉफीला यूपकाकाही आले. मी तोंड उघडणार, इतक्यात पप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, "आता आमच्या घरात वाचता येणारी दोन माणसं आहेत." यूपकाका म्हणाले, मग केकचे दोन तुकडे जास्त घ्या.
अशा वेळी कसं सांगणार?
तसंही गाडी चालवताना पप्पा ताशी साठच्या वर जात नाहीत. ट्रॅक्टर मागून हॉर्न मारतात.
अंतिम निर्णय: उद्या फाटकाशी सांगायचं.

रविवार, १४ सप्टेंबर, सकाळी १०.४०
पार्किंगमध्ये. पप्पा रांगेत, पुढे चार गाड्या. इस्त्रीचा शर्ट घातलाय.

१०.५१. मी गाडीच्या खिडकीशी गेले. म्हटलं, पप्पा, एक सांगायचंय. ते म्हणाले, "हळू चालव, हेच ना? तुझ्या आईने तीनदा सांगितलंय." फाटकाचा दांडा वर गेला.

११.१२. वीस किलोमीटरला त्यांना वीस मिनिटं लागतील. एकवीस झाली.

११.१७. ते गाड्यांना वाट देत असतील.

११.२०. दांडा खाली. लाल दिवा. रिंग बंद. कुणीतरी ठोकलंय. कुणीही असू शकतं.

११.२४. गाड्या उचलणारा ट्रक आत गेला. रांगेतला एकजण म्हणाला, कुणीतरी म्हातारा आहे म्हणे.
देवा, विमा नको. माणूस दे.

रविवार, दुपारी ४
पप्पांना खरचटलेलंसुद्धा नाही. गाडीचं नाक इंजिनात गेलंय. पुढे रस्ता रिकामा होता, वेग पन्नास. एप्रिलमध्ये स्वतः बसवलेला कठडा वळणावर दिसला. सरळ बसलाय का ते बघत राहिले. आणि त्यातच गेले.
कठडा सरळ होता, म्हणाले.
घरी आल्यावर त्यांनी भरपाईचा अर्ज स्वतः भरला. एकही चूक नाही. "विमा आहे, काळजी करू नकोस," असं मलाच सांगितलं.
सांगायचं राहिलं. त्यांना आज धक्का बसला आहे.

सोमवार, १५ सप्टेंबर
पप्पा आणि यूपकाकांनी सकाळी तो कठडा बदलला.
डेडरिक्सबाईंनी बेकरीतलं पत्रक आणून माझ्या टेबलावर ठेवलं, प्लॅस्टिकसकट. मग पप्पांचा अर्ज त्यावर ठेवला. मुख्य कार्यालय नकारच देणार, म्हणाल्या. कळवायचं पत्र मीच लिहायचं, माझ्या त्या सोप्या भाषेत.

शुक्रवार, २६ सप्टेंबर
सहा ओळींचं पत्र. तीन रात्री लागल्या. काहीही गाळलं नाही. चूक माझी, हेही लिहिलं. तोंडी सांगण्यापेक्षा लेखी जास्त प्रामाणिक असतं.

आज टपालात दोन पाकिटं आली. पप्पांनी चष्मा लावून माझं फोडलं. वाचलं. घडी घातली.
"एकदाच वाचलं," म्हणाले. "सगळं कळलं."
मग वीज कंपनीचं पाकीट उचललं, न फोडताच, आणि यूपकाकांकडे गेले.