कणगीमागची भिंत

आबा, आज उंबरमाळीजवळच्या एका पाड्यावर मी तुमचा हात पाहिला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आणि एका म्हातारीच्या घरात, कणगीमागच्या भिंतीवर, तुमची बोटं.

तुम्हाला ठाऊक नसेल, म्हणून आधी सांगते. गोदामातली बिलं करायची नोकरी मी सोडली. आता कारवीच्या काठ्यांचे कूड बांधते, माती-शेण-तूस तुडवून भिंती लिंपते. मुरबाडकडे शेतघरं बांधणारे बोलावतात, आपल्याकडचे जुन्या घरांचे लोकही बोलावतात. गोदामात दुपारीच मान टाकायचे मी. इथे दिवसभर चिखल तुडवून संध्याकाळी वाटतं, अजून एक भिंत असती तर काय मजा आली असती! आणि हे सुख तुमच्या विरोधात जाऊन मिळवलंय, असं मी आजपर्यंत धरून चालले होते. कारण शहापूरचं आपलं स्वयंपाकघर मी विसरलेले नाही. आई चुलीमागची भिंत लिंपतेय, मी तिच्या पाटीतला गोळा उचलते आणि तेवढ्यात तुम्ही कंपनीतून येता. केवढे भडकलात! "शिकवतो कशाला गो तुला? शेणात हात घालाया?" गोळा माझ्या हातातून काढून घेतलात. दहावी झाल्यावर मनगटी घड्याळ आणलंत, तेही बांधताना म्हणालात, "चिखलात हात घालू नको, बिघडंल." ते घड्याळ काम सुरू करताना काढून ठेवते, तेव्हा दरवेळी चोरी केल्यासारखं वाटतं.

तर म्हातारीला पावसाआधी मागची भिंत नवी करून हवी आहे, कारवीला वाळवी लागलीय. आम्ही दोघींनी भाताची कणगी सरकवली. बाकीची भिंत दरवर्षी सारवलेली, पण कणगीमागे कुणाचा हातच पोचला नव्हता, म्हणून तिथलं पहिलं लिंपण जसंच्या तसं राहिलंय. अर्धगोल फिरवलेले हात. बोटांच्या चार रेघा उमटायला हव्यात, तर तीनच, आणि मधे रिकामी जागा. तुमचं मधलं बोट कंपनीच्या प्रेस मशीनमध्ये सापडून तुटलं होतं. "आजी, ही कोनी लिंपली?" मी कसंबसं विचारलं. "व्हता एक कंपनीतला, शापूरचा. सुट्टीला यायचा. च्या पियाचा नि दिसभर गानी म्हनत लिंपायचा. बाईमानसाचं काम म्हनून आमी हसायचो, तर बोलायचा, माज्या घरी सांगू नका गो."

गाणी? तुम्ही? घरात तुमचा आवाज "जेवायला वाढ" याच्यापुढे गेला नाही! सुट्टीच्या दिवशी मीटिंग आहे म्हणून जायचात, ओल्या केसांनी परत यायचात, आणि आईनं कधी विचारलं नाही. आबा, मला आनंद व्हायला हवा होता, पण आधी संताप आला. चिखलात हात गेला की माणसाला काय होतं, हे तुम्हाला माहीत होतं. तरी माझ्या हातातला गोळा काढून घेतलात? मग तो प्रेस आठवला, त्याच्यापुढे रोज उभे राहणारे तुम्ही आठवलात, आणि संतापाचं काय करावं ते कळेना. माझी आवड माझी एकटीची आहे असं समजत होते मी. ती आपल्या दोघांची होती, आणि एक दिवसही आपण एका भिंतीवर काम केलं नाही.

म्हातारी म्हणाली, "तेवढी जागा पन पाडायची ना गो?" मी बोटानं वाजवून पाहिलं. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून कबूल करते. आतून पोकळ वाजत होतं, वाळवी तिथेही पोचलीय. "नाय आजी," मी म्हटलं, "एवढी मजबूत हाय. ऱ्हाऊ दे." या कामात मी आज पहिल्यांदा खोटं बोलले.