आठ कडव्यांचं पाणी

४ नोव्हेंबर

बारा कपाटं परत आली! दवाखान्यानं उतरवूनसुद्धा घेतली नाहीत. पांढऱ्या रंगावर जागोजाग खड्डे, मसुरीएवढे. लेकीनं मौनीला सगळ्यांसमोर झापलं. मौनी म्हणजे आमचा रंगारी. दिवसभर तोंडावर मास्क, आणि काढला तरी बोलायचं नाही. "अकरा वर्षं झाली रे तुला इथं! अजून मी सांगायचं का, रंगाची गन धुवून घे म्हणून?" तो पत्रा घासत राहिला.

कारखाना तिच्या हाती सोपवल्यापासून मला एकच काम उरलंय, संध्याकाळी कॉम्प्रेसरच्या टाकीत दाबलेल्या हवेतून साचलेलं पाणी काढायचं. ते मात्र चोख!

५ नोव्हेंबर

आजही टाकीखालचा कॉक उघडला, गुरुजींची 'नदी' म्हटली, कॉक बंद केला. नळी भिंतीपलीकडे गटारात जाते, पाणी दिसत नाही. पूर्वी आवाजावर कळायचं — आधी गुळगुळ, मग कोरडं फुस्स. आता बारीक आवाजांपुरता कानांनी संप पुकारलाय. म्हणून कविता. आठ कडवी संपली, नदी समुद्राला मिळाली, की टाकी कोरडी!

ही कविता कुठल्या पुस्तकात नाही. चौथीत असताना गुरुजींनी स्वतः रचून फळ्यावर लिहिली, आमच्याकडून पाठ करून घेतली आणि पुसली. त्या वर्गातला आता मीच एक उरलोय.

झरा एक होता, कुणी पाहिलेला...

अहाहा! खडूचा वास येतो अजून.

९ नोव्हेंबर

वाईट दिवस. मिस्त्री आला. टाकीचं बूच काढून ती तिरकी केली, तर बादलीभर तांबडं पाणी! "काका, ही टाकी आहे का विहीर?" मग बुडावर हातोडी टकटकवली. "पत्रा पातळ झालाय. आजपासून बंद. फुटली तर भिंत घेऊन जाईल." हेच पाणी हवेबरोबर गनमध्ये जात होतं आणि रंगावर फुटत होतं.

"मी रोज काढतो," मी म्हणालो. "एक दिवस खाडा नाही."

लेक मौनीकडे वळली. "बाबांनंतर तासभर यंत्र तूच चालवतोस. जाताना परत कॉक उघडायला हात दुखतात का? दुसरीकडे काम बघ. एक तारखेपासून."

त्यानं मास्क वर ओढून घेतला. मी बोललो. "पोरगा निष्काळजी झालाय हल्ली," असं म्हणालो. का म्हणालो?

१० नोव्हेंबर

भाड्याचं यंत्र आणलंय. ते फार ओरडतं.

११ नोव्हेंबर

नवीन कॉम्प्रेसर निवडायला विक्रेता आला. जाडजूड पुस्तिका, गुळगुळीत दाढी. लेक हुशार! तो मोटारीची ताकद सांगत होता, तर म्हणाली, "ताकद राहू द्या. मिनिटाला हवा किती देतो ते सांगा. माझ्या दोन गन एकदम चालायला हव्यात." त्यानं स्क्रूचं, म्हणजे पिस्टनऐवजी फिरत्या मळसूत्रांचं यंत्र चालवून दाखवलं. सलग घूंऽऽ. ना यती, ना चरण. "हा तर मुक्तछंद!" मी म्हणालो. ती हसली. बऱ्याच दिवसांनी.

शेवटी पिस्टनचंच ठरलं. मग विक्रेता म्हणाला, "यात ऑटो ड्रेन घ्या. ठरल्या वेळी पाणी आपोआप बाहेर. माणूस लागत नाही."

ती पटकन म्हणाली, "नको, साधा कॉकच द्या. ते बाबांचं काम आहे."

डोळे भरून आले माझे.

१२ नोव्हेंबर

अंघोळीनंतर सहज बोटं मोजत 'नदी' म्हणायला बसलो. अंगठ्यापासून सुरुवात. समुद्र आला — आणि बोटं चारच मिटलेली!

पुन्हा म्हटली. चार.

तिसरं आणि सातवं, दोन्ही कडवी एकाच शब्दांनी सुरू होतात — 'पुढे वाक येतो, नदी थांबते का?' मी तिसऱ्यात शिरतो आणि सातव्यातून बाहेर पडतो. मधली चार गळाली. समुद्र रोज येत होता, म्हणून संशयसुद्धा आला नाही. म्हणजे कॉक निम्माच वेळ उघडा. कधीपासून? देव जाणे.

मौनी निर्दोष आहे.

तिसरं, चौथं, पाचवं ओढून ओढून आठवलं. सहावं नाहीच. तिथे नुसता पुसलेला फळा.

१३ नोव्हेंबर

सांगितलं. लेकीला, मौनीसमोर. "पाणी माझ्यामुळे राहिलं. मी कविता विसरलो."

"कविता?" लेकीला उलगडेना. मग तिला सगळं सांगितलं. ती स्टुलावर बसलीच. मौनीनं मास्क खाली ओढला.

"काका हल्ली मधलं गाळतात, ते ऐकू यायचं मला. वाटलं, कंटाळले असतील. त्यावर पाण्याचं माप आहे, हे कुठं ठाऊक!"

अकरा वर्षांतलं त्याचं सर्वांत लांब भाषण!

लेक उठली. "चुकले मी. सगळ्यांसमोर बोलले, तर माफीही सगळ्यांसमोरच." आणि खरंच मागितली, पत्रे कापणाऱ्यांना थांबवून. एक तारखेचं काय, ते कुणी विचारलंच नाही. मौनी गन धुवायला गेला.

मीही पुटपुटलो, "निष्काळजी म्हणालो होतो तुला."

"ऐकलं होतं," तो म्हणाला. "चहा घेणार?"

नंतर लेकीला म्हणालो, "ऑटो ड्रेनच घे."

"बाबा, तुम्हाला चालेल?"

"पाण्याला चालेल."

२१ नोव्हेंबर

नवीन यंत्र आलं. तेलाची पातळी पाहिली, पट्टा दाबून पाहिला. एवढं अजून येतं. दर अर्ध्या तासानं ते आपलं आपण जोरात फुस्स करतं. दचकतो मी.

२२ नोव्हेंबर

मौनीला समोर बसवून 'नदी' या वहीत उतरवून घेतली. अकरा वर्षं माझ्याकडून ऐकून आठही कडवी आहेत त्याच्याकडे! सहावं त्यानं दोनदा म्हटलं —

भरूनी घडे लोक गावा निघाले,
नदीला कळेना उणे काय झाले!

ओळखीचं नाही वाटलं. अजिबात नाही. या वयात गुरुजींचं नवं कडवं ऐकायला मिळालं!