गल्लीच्या मोटारीचा फाळा

माय, आज कचेरीत एका कागदावर अडून बसले आणि दिवसभर तूच डोळ्यांसमोर होतीस. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी डोकं तापलं की मी तुझ्याशीच भांडते. मी जिथे नोकरी करते तिथे सरकारच्या जमाखर्चाचे कागद तयार होतात. निवडणूक तोंडावर आली की वरून घोषणा येतात, हे माफ, ते फुकट, आणि त्यासाठी पैसा कुठून येणार ते आम्ही खाली बसून लिहायचं असतं. पैसा नसतोच. मग कर्ज काढायचं. जिंकलो तर पुढचं पुढे बघू, हरलो तर फेडणं दुसऱ्याच्या गळ्यात. ऋण काढून सण, दुसरं काय! मी कागदावर ‘तरतूद नाही’ असं लिहिलं. साहेब गोड आवाजात म्हणाले, जरा मऊ लिहा ना. उद्याच्या बैठकीत तो कागद मला सगळ्यांसमोर वाचायचा आहे.

लिंबायतच्या आपल्या गल्लीत मागच्या अंगाला बोअर होती. तिच्यावरची मोटार बायकांनी मिळून बसवली होती आणि विजेच्या बिलाचा फाळा, म्हणजे घरटी वर्गणी, तू गोळा करायचीस. महिना भरला की स्टीलचा डबा काखेत मारून तू दारोदार फिरतेस, मी दहावीचं पुस्तक हातात धरून ओट्यावरून बघते. बिल भागून चार पैसे उरले तर ते डब्यातच राहायचे, मोटार जळली तर म्हणून. त्या वर्षी श्रावणाच्या तोंडावर उमेदवार गल्लीत आला. खुर्चीवर उभा राहून ओरडला, “आज से इस मोटर का बिल सरकार भरेगी!” बायकांनी त्याला ओवाळलं. दुसऱ्या दिवशी तू डबा घेऊन निघालीस तर समोरची मावशी दारातच हसली. “आते कसाले हिंडस व बाई? बिल सरकार भरी ना!” तू म्हणालीस, “सरकार कोठून भरी? आपलाच घरमातून ना?” तिने दार लावून घेतलं.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण चार दिवसांवर कानबाईचा सण आला होता, आणि सगळ्यांच्या डोक्यात एकदमच आलं की बिल सरकार भरणार, तर डब्यातला पैसा आता मोकळाच की! कानबाईला मोठा मंडप घालू, बँड आणू. तू नाही म्हणालीस. देवीच्या कामाला नाही म्हणणारी तू एकटी. कोणीतरी म्हणालं, हिला देवीपेक्षा डबा मोठा. तू डबा त्यांच्यापुढे ठेवलास आणि घरात येऊन रोटाचे गहू निवडायला बसलीस. घरातल्या प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ धान्य, त्याच पिठाचा रोट, तो घरच्यांनीच संपवायचा, बाहेर द्यायचा नाही. रंगात येऊन मी दोन मुठी जास्त टाकायला गेले तशी तू माझं मनगट धरलंस. दुखलं मला. “जितला मानसं तितल्याच मुठी. जास्तीनं कोन खाई?” माझ्यावरचा राग नव्हता तो, पण मी रडले. बाहेर बँड वाजत होता आणि त्या वर्षीची कानबाई गल्लीने कधी पाहिली नव्हती अशी झाली, हेही खरंच आहे.

उमेदवार निवडून आला. बिलं येत राहिली, कोणीच भरली नाहीत. बिलाचं विचारायला तू दोघीतिघींना घेऊन सरकारी कचेरीत गेलीस, मीही आले होते. तिथला गुजराती माणूस वाईट नव्हता. पंख्याखाली पाणी दिलं आणि म्हणाला, “बेन, जाहेरात थई छे, जोगवाई नथी.” जाहीर झालंय, पण पैसाच ठेवलेला नाही. ऐन चैत्रात वीजवाल्यांनी तार कापली.

त्या दुपारी बायका रिकामे हंडे घेऊन आपल्या दारात आल्या. बाबा कारखान्यात मागावर होते, घरात आपण दोघीच. मावशी पुढे होती. “डबा काढ! आमना पैसा कोठे गयात?” मला वाटलं, आता तुला मारतील. तू उंबरठ्यावर उभी राहिलीस. “तुमना मंडपमा गयात, बँडमा गयात. पानी जोयजे का नही? मंग फाळा काढा.” आणि सणानंतर आपल्या दारात परत आणून ठेवलेला रिकामा डबा उचलून तू तिच्याच पुढे धरलास. तिने तो हातातून हिसकला आणि गटारात फेकला.

शेवटी फाळा निघालाच, दंडासकट. पण गोळा केला मावशीने. पाणी आलं आणि तुझा हंडा रांगेत शेवटी गेला. तुझ्याशी कोणी बोलेना, हळदीकुंकवाला बोलावेना. पैसे उडवणाऱ्यांना, फसवणाऱ्याला गल्लीने माफ केलं. पुढच्या निवडणुकीला त्याच माणसाला पुन्हा ओवाळलं. आधीच सांगणाऱ्या बाईला मात्र माफी नाही. मला वाटायचं आपली माणसं अडाणी म्हणून असं झालं. आता शिकलेल्या माणसांच्या बैठकांना बसते आणि तेच बघते. चूक कोणाची ते सगळ्यांना ठाऊक असतं, पण राग येतो तो आकडा वाचणाऱ्याचा.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहून टाकते. तू खरी होतीस, माय. पण तेव्हा मला खरी आई नको होती, सगळ्यांसारखी हवी होती. कागद मी मऊ केलेला नाही. तरी उद्या वाचायला उभी राहीन तेव्हा मला तुझा अभिमान वाटणार नाही, तुझा रागच येईल, की तू मला असली केलीस.